उसनवारीची नोंद, स्वत्वाचा पुरावा



अक्षरकला आणि मुद्रण यांच्या प्रेमापोटी चालवल्या जाणाऱ्या या स्मृतिव्याख्यानमालेत मला एक जुनाच प्रश्न पुन्हा मांडायचा आहे. एखादे डिझाइन ‘माझे’ आहे असे कुणी म्हणतो, तेव्हा ते सिद्ध कशाने होते? बोधचिन्ह असो, साडीचा काठ असो, खुर्ची असो की अक्षरवळण. वाद उभा राहिला की निर्माता बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘असे आधी कुणी केले नव्हते.’ हे वाक्य तो मनापासून बोलत असेल, पण ते सिद्ध करणे कुणालाच शक्य नाही. जगातल्या सगळ्या छापखान्यांत, विणकरांच्या घरांत आणि वस्तुसंग्रहालयांत असे काहीच नव्हते, हे कोण दाखवणार? ते खोडून काढायला मात्र एक जुने चित्र पुरते. ज्या दाव्याला पुरावा देता येत नाही आणि जो एका कागदाने कोसळतो, त्या दाव्यावर आपण मौलिकतेची सारी इमारत उभी करत आलो आहोत. माझे म्हणणे असे की हा पायाच बदलायला हवा. निर्मात्याने आपल्या कामात दुसऱ्याचे किती आहे हे आधी स्वतः नोंदवावे. मग स्वतःचे किती आहे ते दाखवता येते. उसनवारीची प्रामाणिक नोंद हाच स्वत्वाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

या म्हणण्याची सर्वांत कठोर परीक्षा अक्षरवळणाच्या क्षेत्रात होते, म्हणून तेच उदाहरण मी मध्यभागी ठेवतो. देवनागरीचा ‘क’ कुणी नव्याने शोधून काढू शकत नाही. मधला दंड, त्याच्या डावीकडची गोलाई, उजवीकडचा वळसा आणि माथ्यावरची शिरोरेषा हे सारे परंपरेने दिलेले आहे. त्यात फार ढवळाढवळ केली तर वाचकाला तो ‘क’ वाटणारच नाही. म्हणजे अक्षररचनाकाराच्या हाती येणारा माल जवळजवळ सगळा उसना असतो. तरीही दोन अक्षरवळणे शेजारी ठेवली की अनुभवी डोळा त्यांतला फरक चटकन ओळखतो. तो फरक निर्णयांमधून आलेला असतो. शिरोरेषा दंडापेक्षा किती बारीक ठेवायची, बोरूच्या कापाचा कोन अक्षरात किती राखायचा आणि किती पुसायचा, गोलाईतली पोकळी किती मोकळी सोडायची, वेलांटी किती उंच न्यायची, उकार खालच्या ओळीला न भिडता कसा बसवायचा, जोडाक्षर वर-खाली रचायचे की आडवे मांडायचे, असे शेकडो निर्णय घेतल्यावर एक वळण उभे राहते. इथे मौलिकता म्हणजे दिलेल्या गोष्टीपुढे उभे राहून केलेली निवड. आणि निवड ही अशी गोष्ट आहे की समोर कोणते पर्याय होते हे कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

आपल्या मुद्रणाच्या इतिहासाकडे या नजरेने पाहिले की नोंदीच्या अभावी काय गमावले जाते ते दिसते. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या अक्षरांचे पंच, म्हणजे मूळ ठसे, राणोजी रावजी आरू यांनी कोरले. संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या छपाईत निर्णयसागरचे वळण पुढे कित्येक दशके मापदंड ठरले. त्याआधी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी घडवलेले टाइप होते, गणपत कृष्णाजींची छपाई होती. निर्णयसागरची अक्षरे त्या प्रयत्नांच्या पाठोपाठ आलेली आहेत. यांतली बरीच माहिती बापूराव नाईक यांच्यासारख्या मुद्रणतज्ज्ञाने १९७१ साली देवनागरीच्या अक्षरमुद्रणावर मोठा ग्रंथ सिद्ध केल्यामुळे अभ्यासकांना एकत्र मिळते. पण जावजींचे नाव जितके सर्वतोमुखी आहे तितके आरूंचे नाही. आरूंनी आधीच्या टाइपातले काय उचलले, काय टाकले आणि कशासाठी, हे आज आपल्याला छापील पानांवरून ताडावे लागते. तयार अक्षर आपल्याला निर्णय काय झाला ते सांगते. तो का झाला आणि दुसरे काय शक्य होते, ते सांगत नाही. ज्या हाताने पिढ्यान्‌पिढ्यांचे वाचन घडवले, त्याची मौलिकता आपण मान्य करतो, पण नेमकी मांडून दाखवू शकत नाही, ही आपल्या संस्कृतीची मोठी हानी आहे.

याच्या उलट चित्र स्वित्झर्लंडमध्ये सापडते. हेल्व्हेटिका हे गेल्या शतकातले सर्वाधिक वापरल्या गेलेल्या रोमन अक्षरवळणांपैकी एक. म्युन्शेनस्टाइन इथल्या हास टाइप फाउंड्रीचे एडुआर्ड हॉफमन यांनी माक्स मीडिंगर यांच्याकडून ते रेखाटून घेतले. १९५७ साली ते ‘नॉय हास ग्रोटेस्क’ या नावाने बाजारात आले आणि १९६० मध्ये त्याला हेल्व्हेटिका हे नाव मिळाले. हॉफमन यांनी या कामाची एक वही ठेवली होती. तिच्यात अक्षरांची प्रूफे चिकटवलेली आहेत, शेजारी हाताने टिपणे केलेली आहेत आणि कोणते अक्षर जड वाटते, कोणते अजून बसत नाही, याची चर्चा आहे. बर्लिनच्या बेर्टहोल्ड कंपनीचे आक्त्सिडेन्स ग्रोटेस्क हे जुने, लोकप्रिय वळण त्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. आपली अक्षरे त्याच्याशी ताडून पाहतच ते पुढे गेले. या कबुलीमुळे हेल्व्हेटिकाची पत कमी झाली का? उलट तिच्यामुळेच आज कुणीही अभ्यासक बोट ठेवून दाखवू शकतो की जुन्या वळणापासून नवे वळण इथे वेगळे झाले आणि या कारणासाठी झाले.

टाइम्स न्यू रोमनची कथा याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. लंडनच्या ‘द टाइम्स’ने ३ ऑक्टोबर १९३२ रोजी हे वळण वापरायला सुरुवात केली. स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंट यांनी ते रेखाटले आणि मोनोटाइप कंपनीने ते घडवले, असा सर्वमान्य इतिहास आहे. पण १९९४ साली टाइपतज्ज्ञ माइक पार्कर यांनी असा दावा मांडला की या वळणाचे मूळ अमेरिकेतले नौकारचनाकार स्टार्लिंग बर्जेस यांच्या १९०४ च्या सुमाराच्या कामात आहे. बहुतेक इतिहासकारांना हा दावा पटलेला नाही. तरीही साठ वर्षांनंतर असा दावा उभा राहू शकला आणि त्यावर गंभीर चर्चा झाली, याचे कारण सुरुवातीच्या टप्प्यांची कागदपत्रे तुटपुंजी होती. काम जगप्रसिद्ध, संस्था बलाढ्य, माणसे नामवंत. पण यांतल्या कशानेही नोंदीची उणीव भरून निघाली नाही. कीर्ती आणि पुरावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या वादाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘नोंदणी करून टाका, प्रश्न मिटला’ असा सल्ला वारंवार दिला जातो. भारतात डिझाइन कायदा, २००० हा ११ मे २००१ पासून लागू आहे. त्यानुसार नोंदणीकृत डिझाइनला १० वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. पण कलम ४ ची अट अशी की डिझाइन नवे किंवा मौलिक असावे, अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात वा इतर कोणत्याही देशात ते लोकांसमोर आलेले नसावे, आणि ज्ञात डिझाइनांपासून ते ठळकपणे वेगळे ओळखता यावे. ही शेवटची अट मला महत्त्वाची वाटते. ज्ञात डिझाइने कोणती हे ठाऊक नसलेला माणूस आपले काम त्यांच्याहून वेगळे कसे ते सांगणार तरी कसे? शिवाय मौलिकतेची व्याख्या करताना हा कायदा एक शहाणपणाची गोष्ट मान्य करतो : मूळ आकृती जुनी असली तरी तिचा उपयोग नवा असेल तर डिझाइन मौलिक ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स या खटल्यात हेच सूत्र लावले. काचेच्या तावांवर नक्षी उमटवणारे रोलर जर्मनीतल्या कंपनीने बनवलेले होते. पण तीच नक्षी आधी काचेवर उमटवली गेली होती हे विरोधकांना दाखवता आले नाही, म्हणून नोंदणी टिकली. अशा वादात दोन्ही बाजूंचे बळ कागदांत असते. नोंदणीचे प्रमाणपत्र हाती असले तरी कलम १९ खाली ते रद्द करण्याचा अर्ज कुणीही हितसंबंधी व्यक्ती करू शकते, आणि त्या दिवशी प्रमाणपत्रामागची हकीकत लागतेच.

कॉपीराइटचेही तसेच. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ घाम गाळला म्हणून मौलिकता मान्य होत नाही, कौशल्य आणि विवेकबुद्धी यांचा किमान सर्जनशील वापर दिसला पाहिजे, अशी भूमिका घेतली. विवेकबुद्धी वापरली हे दाखवायचे म्हणजे पर्याय तोलले हे दाखवायचे. वस्तूंवर वापरल्या जाणाऱ्या डिझाइनांसाठी कॉपीराइट कायद्याचे कलम १५ आणखी कडक आहे : नोंदणी करता येण्याजोगे डिझाइन न नोंदवता औद्योगिक प्रक्रियेने त्याच्या ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयात फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या कंपनीचा बिबा या कंपनीविरुद्धचा दावा याच कलमामुळे टिकला नाही. अक्षरवळणाची स्थिती तर याहून नाजूक आहे. अमेरिकेत १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर या निकालाने अक्षरांच्या आकारांना कॉपीराइट नाकारला. पुढे फॉन्टच्या आज्ञावलीला संरक्षण मिळाले, आकाराला नाही. भारतातही २००२ साली कॉपीराइट मंडळाने एका अक्षरवळणाची कलाकृती म्हणून नोंद करण्यास नकार दिला. जिथे कायद्याचे छत्र इतके तोकडे आहे, तिथे निर्मात्याजवळ उरतो तो व्यवसायातला विश्वास, आणि तो नोंदीवरच उभा राहतो.

मग नोंदवायचे काय? केवळ तारीख पुरत नाही. फ्रान्समध्ये ‘सोलो पाकीट’ नावाची सोय कित्येक दशके चालत आली. दोन कप्प्यांच्या पाकिटात एकसारखे कागद भरायचे, ते औद्योगिक संपदा कार्यालयाकडे पाठवायचे, एक कप्पा तिथे राहतो आणि दुसरा निर्मात्याकडे परत येतो. आता हीच सोय संगणकावरून मिळते. अमुक दिवशी अमुक रेखाटन माझ्याजवळ होते, एवढे तिने सिद्ध होते. ते मीच निर्माण केले की कुठून उचलले, हे होत नाही. म्हणून तारखेच्या जोडीला तीन गोष्टी हव्यात. पहिली, स्रोतांची यादी : कोणती जुनी कामे पाहिली, कुठे पाहिली, त्यांतून काय घेतले. दुसरी, टाकून दिलेले पर्याय आणि ते टाकण्याची कारणे. तिसरी, कुणाकुणाचा हात लागला त्यांची नावे. मुक्त परवान्याने वाटल्या जाणाऱ्या फॉन्टच्या जगात याची चांगली रीत पडली आहे. तिथल्या सर्वाधिक प्रचलित परवान्याबरोबर ‘फॉन्टलॉग’ नावाची फाइल ठेवण्याची शिफारस आहे. मूळ काम कुणाचे, नंतर कुणी काय बदलले, हे तिच्यात लिहायचे असते. मुंबईच्या एक टाइप या गटाने घडवलेली ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही वळणे याच मुक्त परवान्याच्या परंपरेतली. जे काम कुणीही फुकट घ्यावे म्हणून सोडून दिले, त्याच्या कर्तृत्वाची नोंद बंदिस्त कामापेक्षा काटेकोर ठेवली जाते, हे विचार करण्यासारखे आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलच्या हॅश मूल्याला, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेल्या अंकीय ठशाला, जागा दिली आहे. तेव्हा रोजच्या फाइली तारखेनिशी जपण्याला आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे. एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. डिझाइनची नोंदणी करायची असेल तर ती होईपर्यंत ही नोंद खाजगी ठेवावी. स्वतःच आधी प्रसिद्ध केलेल्या डिझाइनचेही नावीन्य कायद्याच्या दृष्टीने जाते.

यावर काही आक्षेप येतात आणि ते गंभीर आहेत. पहिला वकिलांचा : स्रोत लिहून ठेवणे म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती आयता पुरावा देणे. हा आक्षेप जुन्या काळाला धरून होता. नक्कल सिद्ध करताना साम्य आणि मूळ काम पाहण्याची संधी या दोन गोष्टी पाहिल्या जातात. आज जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध काम प्रत्येकाच्या फोनवर असताना ‘मी ते पाहिलेच नव्हते’ या बचावावर कोण विश्वास ठेवणार? स्रोत लपवून संरक्षण मिळत नाही; स्रोतापासून आपण किती लांब आलो ते दाखवून मिळते. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाबरोबर इतर हक्कांच्या रकान्यात बोजाही लिहिलेला असतो. बोजा लिहिल्याने मालकी जात नाही, उतारा विश्वासार्ह होतो. दुसरा आक्षेप कलावंतांचा : असा हिशेब ठेवत बसले तर हात अडखळतो, सुचणे आटते. सुचण्याच्या क्षणी कुणी लेखणी थांबवावी असे मी म्हणत नाही. रेखाटने फेकू नयेत, त्यांवर तारीख घालावी आणि आठवड्याच्या शेवटी चार ओळी लिहाव्यात, एवढेच पुरते. हॉफमनच्या वहीने त्यांचे काम मंदावले नाही. ती वहीच त्यांच्या विचाराची जागा होती. तिसरा आक्षेप असा की कागद खोटेही करता येतात. खरे आहे. म्हणूनच शेवटी एकदाच तयार केलेल्या सुबक अहवालापेक्षा वेळोवेळी साचत गेलेल्या ओबडधोबड नोंदी अधिक मोलाच्या. चुका, फसलेले प्रयत्न आणि सहकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार यांचा एकमेकांशी जुळणारा थर मागाहून बनवणे फार अवघड असते.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंद ठेवणे हे शिकलेल्यांचे, साधने असलेल्यांचे काम आहे. पैठणी विणणारा, वारली चित्र काढणारी, कोल्हापुरी चप्पल शिवणारा कारागीर वही कुठे ठेवतो? मग नोंद हाच पुरावा मानला तर ज्यांच्याकडून सर्वाधिक घेतले जाते तेच उघडे पडतील. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या कंपनीने पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे; महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी ते आहे आणि दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे त्याची नोंदणीधारक आहेत. पण मानांकन मुख्यतः नावाचे आणि मुळाचे रक्षण करते, आकारावर मक्तेदारी देत नाही. या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिकाही, हा हक्क नोंदणीधारकांनी बजावायचा आहे या कारणाने, टिकली नाही.

हा प्रसंग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो असे वाटेल. माझ्या मते तो त्याची खरी दिशा दाखवतो. उसनवारीची नोंद ठेवायची जबाबदारी उसने घेणाऱ्याची आहे, देणाऱ्याची नव्हे. कारागिराने पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद आणून आपला हक्क सिद्ध करावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ज्याच्याकडे रचनाकारांचा ताफा, छायाचित्रे आणि संग्रह आहेत, त्याने आपल्या कामाच्या पहिल्या पानावर लिहावे : ही वस्तू अमुक ठिकाणच्या अमुक लोकांच्या वस्तूवरून घेतली, आणि आम्ही त्यात इतका बदल केला. ही रीत असती तर मिलानमध्ये पहिल्याच दिवशी कोल्हापूरचे नाव उच्चारले गेले असते. आणि जिथे समूहाने एकत्र येऊन नोंद केली, तिथे तिचा उपयोग झालाच. मानांकनाच्या अर्जात उगम, प्रदेश, कृती आणि वैशिष्ट्ये मांडावी लागतात. त्या कागदांमुळेच या वादात महाराष्ट्र आणि कर्नाटकाला केवळ भावनेने नव्हे तर अधिकाराने बोलता आले.

शेवटचा प्रश्न यंत्राने काढलेल्या प्रतिमांचा. काही शब्द लिहिले की क्षणात चित्र मिळते, मग माणसाची मौलिकता कुठे उरली? चीनमधल्या दोन निकालांनी याचे उत्तर नोंदीच्याच भाषेत दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने यंत्राच्या मदतीने केलेल्या एका चित्राला कॉपीराइट मान्य केला, कारण वादीने कोणत्या सूचना दिल्या, कोणत्या मर्यादा घातल्या, काय पुन्हा पुन्हा बदलले, हे दाखवले होते. पुढे झांगजियागांगच्या न्यायालयात फुलपाखराच्या आकाराच्या खुर्चीच्या यांत्रिक प्रतिमांवरचा दावा फेटाळला गेला. निर्मितीच्या मूळ प्रक्रियेची नोंद वादीला देता आली नाही. साधन जवळपास सारखेच, निकाल उलटे, आणि त्यांच्यामधला मोठा फरक निवडीच्या पुराव्याचा. तयार वस्तू दिवसेंदिवस स्वस्त होत जाईल, कारण ती कुणालाही काढता येईल. ती का काढली, कशातून काढली आणि काय नाकारून काढली, हे सांगू शकणाऱ्या माणसाचे मोल वाढेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आजपासून अमलात आणता येईल. कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेने विद्यार्थ्याच्या अंतिम कामाबरोबर, काय कुठून घेतले ते सांगणारे, एका पानाचे ऋणपत्रक मागावे आणि त्याला गुण द्यावेत. स्पर्धांच्या नियमांत ‘काम मौलिक आहे’ या हमीऐवजी ‘स्रोत व बदल’ हा रकाना असावा. प्रकाशकांनी पुस्तकात मुद्रकाच्या नावाबरोबर अक्षरवळणाचे आणि ते घडवणाऱ्याचे नाव छापावे. कंपन्यांनी करारात रेखाटकाचे नाव आणि त्याच्या टिपणांवरचा त्याचा हक्क लिहून द्यावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा खर्च येत नाही. लागते ती ‘हे मी घेतले’ असे लिहिण्याची तयारी. ती ज्याच्याकडे आहे, त्यालाच ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे.